कोपऱ्यातला ठिपका

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

आज माझ्या हातून पडदा पांढरा झाला. तीन सेकंद. चारही असतील. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

काळे मॅडमच्या महिन्याचा पहिलाच शो होता. कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईंनी मालकाच्या मागे लागून सकाळचे दहाचे शो मिळवले. महिनाभर दर रविवारी एक जुना सिनेमा, बुधवारी आणि शुक्रवारी एकेक नवा. आज जुना होता, वकिलाचा. हा मी नोकरीला लागलो त्या वर्षी अकरा आठवडे चालवला आहे.

रीळ संपायला आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं. सात सेकंदांनी दुसरा आला की या मशीनवरून त्यावर जायचं. नीट जमलं तर खाली कोणाला कळत नाही. आज सातव्या रिळाला दोन्ही ठिपके येऊन गेले. मी कोपऱ्याकडेच बघत होतो.

खाली शिट्ट्या. मॅनेजर येरणे साहेब जिना चढून वर आले. त्यांना म्हटलं, प्रिंट जुनी आहे, ठिपके झिजले. ते बरं म्हणून उतरले. नंतर त्या रिळाचा शेवट खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. दोन्ही ठिपके ठसठशीत.

१० नोव्हें., सोम.

पहाटे मोरीतला दिवा लावला तर त्याच्याभोवती रंगीत कडं. निळं, पिवळं, तांबडं. डोळे चोळले तरी गेलं नाही. उजव्या भुवईवर ठणका. बायकोला, शांताला, म्हटलं, थंडीनं डोकं धरलं. तिनं बाम दिला.

जटपुरा गेटजवळ शिंगाडेवालीच्या टोपलीला सायकल लागली. टोपली मोठी, उजव्या हाताला, रस्त्यातच होती. मला दिसली नाही असं नाही, माझ्यासाठी ती तिथे नव्हतीच. बाई म्हणाली, "काऊन जी भाऊ, डोये कुठी ठेवून आले?" लोक हसले. मीही हसलो. शिंगाडे वेचून दिले.

घरी येऊन डावा डोळा हातानं झाकला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिची अर्धी चौकट गेली. मग उजवा झाकला. चौकट परत आली. पुन्हा करून पाहायची हिंमत झाली नाही.

१२ नोव्हें., बुध.

नवा सिनेमा. रिळांच्या पेट्या नागपूरहून सकाळच्या गाडीनं आल्या, नऊला केबिनमध्ये. आधी लावून पाहायला वेळ नाही. जुन्या सिनेमाचं बरं असतं, कोणत्या वाक्यावर रीळ संपतं ते कान सांगतात. नव्याचं काय?

तीनचा नेहमीचा शो मीच चालवतो, पण तो सिनेमा आता सहाव्या आठवड्यात आहे, झोपेतही चालवीन. सहाचा आणि नऊचा दिवाकरकडे. दिवाकर माझ्या हाताखाली शिकला, आता तीस-बत्तीसचा आहे, हात चांगला. त्याला सकाळचे शो घे म्हणावं तर विचारणार, काऊन? आणि हेड ऑपरेटरची माझी जागा त्याला हवीच आहे, त्यात चूक काही नाही.

तर आज बोटांवर चालवलं. मशीनच्या वरच्या डब्याचं दार किंचित उघडं ठेवून फिरत्या रिळाची जाडी बोटानं चाचपत राहिलो. बोट कापलं. दोन बदल बरोबर, तीन उशिरा. एकदा लवकर गेलो, नायिकेचं वाक्य अर्धं तुटलं. हॉल अर्धा रिकामा म्हणून निभावलं.

उतरताना बुकिंगच्या खिडकीतून विमलबाई माझ्याकडे बघत होत्या. अठरा वर्षं त्या खिडकीवर आहेत. नवरा गेल्यावर आल्या, तेव्हापासून. बघत होत्या फक्त.

१३ नोव्हें., गुरु.

डॉक्टरकडे गेलो. शांताला सांगितलं, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या आणायला चाललो.

त्यांनी डोळ्यात औषध घालून, डोळ्यावर काहीतरी टेकवून दाब मोजला. काचबिंदू म्हणाले. मी म्हटलं, मोतीबिंदू ना? माझ्या आईचा काढला होता. ते म्हणाले, तो वेगळा. मोतीबिंदू काढता येतो. यात जेवढी नजर गेली तेवढी गेली, ती येत नाही. राहिली आहे ती सांभाळायची. उजव्या डोळ्याची बाजू बरीच गेली आहे, डाव्याची सुरुवात आहे.

थेंब दिले. दिवसातून चारदा, एकही चुकवायचा नाही. या थेंबांनी बाहुली बारीक होते, अंधारात कमी दिसेल, संध्याकाळी सायकल चालवू नका म्हणाले. मग विचारलं, काम काय करता?

टॉकीजमध्ये, बुकिंगवर, असं सांगितलं.

का सांगितलं? तोंडातून निघालं. वही पुढे ओढून त्यांनी लिहूनही घेतलं.

१४ नोव्हें., शुक्र.

सकाळी सहाला थेंब, नऊला थेंब. दहाला केबिनमध्ये शिरलो तर विहिरीत उतरल्यासारखं. मशीन कुठे, टेबल कुठे. दिव्यातल्या आर्कची निळी भेग तेवढी दिसते, बाकी सगळं काळं. जिथे सव्वीस वर्षं डोळे मिटून फिरलो तिथे हात पुढे करून चाललो. मनगट दिव्याच्या पत्र्याला टेकलं, कातडी निघाली.

नवा सिनेमा कसला होता सांगता येणार नाही. रेल्वे होती त्यात. बदल चार चुकले. शिट्ट्या नाहीत, कारण हे काळे मॅडमचे लोक, शिट्ट्या मारत नाहीत. माना वळवून मागे केबिनकडे बघतात. ते जास्त वाईट.

शांतानं मनगटाला हळद लावली. विचारलं कसं भाजलं. म्हटलं, हे तर नेहमीचंच. ती म्हणाली, नेहमी तळहाताले भाजते, मनगट कसं लागलं? तिला सगळं दिसतं.

ठरवलं. शो असेल त्या दिवशी सकाळचे थेंब नाही घालायचे. शो संपल्यावर घालू.

१६ नोव्हें., रवि.

जुना. नाटक कंपनीचा सिनेमा, काळा-पांढरा. पेटीवरचं नाव वाचून हायसं वाटलं. हा मी लग्नाआधी पाहिला, मग चालवला, मग परत आला तेव्हा परत चालवला. प्रत्येक रिळाचा शेवट मला पाठ आहे. तिसरं संपतं ते म्हाताऱ्याच्या खोकल्यावर. पाचवं, दार लागल्याच्या आवाजावर. डोळे मिटले आणि कानांवर चालवलं. नऊच्या नऊ बदल असे की मखमल.

मॅडम वर येऊन सांगून गेल्या, आजच्यासारखं प्रोजेक्शन नागपूरलाही होत नाही. त्यांच्यासोबत गोंडपिपरीहून आलेले एक निवृत्त मास्तर होते. पहिली एसटी पकडून आले, आईसोबत हा सिनेमा लहानपणी पाहिला होता म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण डोळे मिटून सिनेमा चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अडीचशे माणसं बसली आहेत, हे त्यांना माहीत नाही. नाही, डोक्यावर नाही, माझ्या पायाखाली. अर्थ एकच.

(सुनंदाचं कुरखेड्याहून पत्र आलं. पोरीचं अक्षर आधीच बारीक. अंगणात उन्हात धरून वाचलं. शाळा बरी चालू आहे, जावई बरे. आम्ही बरे आहोत असं उत्तर टाकायचं आहे.)

१८ नोव्हें., मंगळ.

तीनचा शो सुरू करून दिला आणि मागे वळलो तर दारात विमलबाई. त्या जिना चढून कधी येत नाहीत, गुडघे दुखतात. धापा टाकत स्टुलावर बसल्या.

"दौलतभाऊ, तुमाले दिसून नाई राह्यलं."

मशीन चालू होतं.

"मी खिडकीतून पाह्यतो ना. तुमी पायरी पायानं शोधता आता. माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं."

मग सांगितलं सगळं. पहिल्यांदा कोणाला सांगितलं, आणि ते शांताला नाही. बाईंनी ऐकून घेतलं. थेंब का घालत नाही म्हणून रागावल्या. येरणे साहेबांना सांगा म्हणाल्या. म्हटलं, हा महिना काढू द्या. मॅडमचा महिना संपला की नेहमीचा सिनेमा, मग आठवडेच्या आठवडे तोच. मी निभावतो. दिवाकरला सांगितलं तर उद्या मी खाली डोअरकीपरच्या स्टुलावर, नाहीतर घरी. आम्ही राहतो ती टॉकीजच्या मागची खोलीही केबिनवाल्याची आहे.

बाई पडद्याकडे वळून बसल्या. मग ठिपका कुठे येतो ते विचारलं. दाखवला. "इतके वर्षं पिक्चर पाह्यले, हा कधी दिसला नाई," म्हणाल्या.

उद्यापासून बुकिंग बंद झालं की त्या वर येणार.

१९ नोव्हें., बुध.

नवा सिनेमा, सगळा एका घरात घडणारा. विमलबाई केबिनच्या छोट्या खिडकीशी. "आला," म्हणतात, मी मोटर सुरू करतो. "आला," म्हणतात, मी बदलतो. पहिल्या बदलाला त्या इतक्या घाबरल्या की "आला" ऐवजी माझा दंड धरला. नंतर जमलं.

आठही बदल बरोबर. उतरताना त्या म्हणाल्या, ठिपका पाहता पाहता गोष्टच समजली नाही, नवरा शेवटी परत आला का? मलाही माहीत नव्हतं. दोघंही हसलो.

किती दिवसांनी केबिनमध्ये हसलो.

२१ नोव्हें., शुक्र.

आजही बरोबर. मात्र ठणका आहे. शो संपल्यावर ओकारी झाली. थेंब दिवसातून दोनदाच होतात, कधी एकदा.

२४ नोव्हें., सोम.

कालचा जुना सिनेमा कानांवर पार पडला. त्याचं काही लिहीत नाही. आज डॉक्टर.

दाब मोजला. पुन्हा मोजला. मग विचारलं, थेंब चारही वेळा घालता ना?

हो म्हटलं.

ते म्हणाले, चार वेळा घालूनही दाब इतका चढत असेल तर थेंब या डोळ्यावर चालत नाहीत असं धरावं लागेल. मग ऑपरेशन. नागपूरला चिठ्ठी देतो, उशीर करू नका. ऑपरेशन केलं तरी गेलेलं येणार नाही, आणि क्वचित राहिलेलंही जातं, हे आधीच सांगतो.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. माझ्या समोर लिहिली. एका खोट्यावर डोळा कापायची चिठ्ठी. मी थांबवायला हवं होतं. डॉक्टर, मी थेंब घालत नाही, एवढंच वाक्य. पेशंट बाहेर खोकत होते, कंपाउंडर आत आला, मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

शांतापासून लपवायची म्हणून ती आता घरी ठेवलेल्या कार्बनच्या डब्यात आहे.

२६ नोव्हें., बुध.

शो झाला. विमलबाईंमुळे ठीक.

शो संपल्यावर येरणे साहेब आणि काळे मॅडम वर आले, खुशीत. शुक्रवारचा सिनेमा मुलांसाठीचा आहे, नवा, म्हणून मुलींच्या शाळेनं अख्खा हॉल घेतला. तीनशेच्या वर मुली. साहेब म्हणाले, रस्त्यावरची पोट्टी फुकट घुसतील, बाजूचे दोन्ही दरवाजे कड्या लावून ठेवू, फक्त समोरचा उघडा.

ते गेल्यावर विमलबाई उठल्या.

"भाऊ, शुक्रवारी मी ठिपका नाई पाहणार."

म्हटलं, काऊन?

"मोठ्या मानसाईचं येगळं. त्यायले काई झालं तं ते आपल्या पायानं धावतीन. पोरीईच्या शोले मी तुमाले झाकणार नाई. दिवाकरले बलावा."

दिवाकरला निरोप धाडला. तो मूल तालुक्यात आपल्या गावी गेला आहे. धानाची कापणी, शनिवारी येतो. त्याच्या सहा-नऊच्या शोला पलीकडच्या टॉकीजमधला माणूस येतो, पण तो सकाळी मोकळा नाही. म्हणजे मीच.

किंवा साहेबांना सांगायचं, शो पुढे ढकला. सांगायचं कारण काय?

२७ नोव्हें., गुरु.

दोनदा साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते फोनवर.

२८ नोव्हें., शुक्र.

हात बांधलेला आहे, डाव्यानं लिहितोय. जसं झालं तसं लिहितो.

मुली रांगेनं आल्या. वरून फक्त कालवा ऐकू येत होता, हॉल भरून. थेंब घातले नव्हते. पहिली दोन रिळं बोटांवर काढली. तिसरं चालू असताना दुसऱ्या मशीनचा जळका कार्बन काढला, तो तापलेला असतो, वाळूच्या डब्यात टाकायचा. टाकला. डब्यात पडल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं मुलींच्या हसण्यात ऐकू आला नसेल.

चालत्या मशीनचा खालचा पट्टा कधी तुटला माहीत नाही. पट्टा तुटला की फिल्म खालच्या रिळावर गुंडाळायची थांबते आणि जमिनीवर पडत राहते. हे मला उजव्या बाजूला खाली दिसायला हवं होतं. मी त्या ढिगात उभा होतो. पायाला काहीतरी गुदगुल्यासारखं झालं, आणि वास आला.

आताची फिल्म जुन्या फिल्मसारखी भडकत नाही. वितळते, धूर सोडते. हे मला माहीत आहे. पण धूर पाहिला आणि माहीत असलेलं सगळं गेलं. कार्बनचा तुकडा त्या ढिगात पडला होता. मी वाकून हातानंच धरला. चटका बसला पण सोडला नाही, डब्यात टाकला. आर्क बंद. मोटर बंद. वाळूची बादली कोपऱ्यात असते ती हाताला लागेना. लाग ना, लाग ना, असं मोठ्यानं म्हणत होतो मी. शेवटी पायाला लागली, उपडी केली.

धूर खिडकीच्या फटीतून हॉलमध्ये गेला. खाली एक मुलगी ओरडली, मग सगळ्या. तीनशे मुली आणि दोन दरवाजांना कड्या. एवढंच डोक्यात. मी हॉलचे दिवे लावले आणि खिडकीला तोंड लावून ओरडलो, बसा, काही नाही, बसा. कोण ऐकतं.

दरवाजे उघडे होते. विमलबाईंनी कड्या लागल्यावर परत काढल्या होत्या, कोणाला न विचारता, आणि शो सुरू झाल्यापासून त्या डाव्या दाराशी उभ्या होत्या. खिडकी बंद करून. दोन बाया शिक्षिका होत्या, त्यांनी मुलींना रांगेनं काढलं. एकीचा गुडघा फुटला. चपला खूप राहिल्या. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, हे तीनदा लिहून खोडलं.

साहेब धावत वर आले. माझा हात, वाळू, विझलेला ढीग पाहिला. म्हणाले, "दौलतभाऊ, तुम्ही होते म्हणून वाचलो."

मी रिकामी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली.

२९ नोव्हें., शनि.

सकाळपासून लोक येतात. शेजारी, हॉटेलवाला, शाळेतला शिपाई. हात पाहतात. काळे मॅडम आल्या, डोळ्यात पाणी. शेवटच्या रविवारी, सात तारखेला, शोआधी स्टेजवर माझा सत्कार ठेवला म्हणाल्या. शाल-श्रीफळ. शाळेच्या मोठ्या बाई येणार, पालक येणार. मी नको म्हटलं तर त्यांना विनय वाटला.

त्या गेल्यावर शांता समोर बसली. चिठ्ठी तिच्या हातात. हाताला बांधायला चिंधी शोधताना कार्बनचा डबा उघडला तिनं. वाचता येतं तिला, चौथी पास आहे.

सांगितलं. वकिलाच्या सिनेमापासून कालच्या धुरापर्यंत. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "थेंबाची बाटली कुठी आहे?" आणली. पटकन माझं डोकं मागे करून चार बोटांनी डोळा उघडला तिनं आणि थेंब घातला. मग दुसरा. पदरानं पुसलं. तेव्हा रडली.

ऑपरेशनची भीती वाटते का विचारलं तिनं. म्हटलं, हो. आणि सत्काराची? म्हटलं, जास्त.

१ डिसेंबर, सोम.

शांता आणि मी डॉक्टरकडे. बुकिंगवर बसत नाही, मशीन चालवतो, हे सांगितलं. थेंब चुकवले हे सांगितलं. ते चष्मा काढून टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं होतं.

म्हणाले, मी तुम्हाला नागपूरला पाठवून बसलो होतो. आता पंधरा दिवस चारही थेंब, मग दाब पाहू. उतरला तर ऑपरेशन थांबवता येईल कदाचित. कदाचित म्हणतोय, ऐका. या तीन आठवड्यांत डाव्या डोळ्याचंही थोडं गेलं आहे.

केबिनबद्दल विचारलं. ते म्हणाले, ते तुम्हालाच माहीत आहे, मला काय विचारता?

३ डिसें., बुध.

हात भाजला म्हणून रजा. दिवाकर सकाळचा शो चालवतो आहे. सोपं झालं ना? हाताचं कारण आयतं मिळालं. हात बरा होईल, महिना संपेल, कोणाला कळणार नाही. दिवसभर हा विचार गोड लागत होता. त्याची लाज लिहून ठेवतो.

संध्याकाळी विमलबाई घरी आल्या. शांतानं चहा केला. बाई म्हणाल्या, "रविवारी शाल घेसान तं मी खिडकीवर बसणार नाई मंग. मी कोणाले सांगणार नाई. पन बसणार नाई." चहा पूर्ण प्यायल्या. शांतासोबत सुनंदाबद्दल बोलल्या. गेल्या.

६ डिसें., शनि.

सकाळी विहारात. पांढरे कपडे, मेणबत्त्या. मेणबत्त्यांच्या रांगेत प्रत्येकीभोवती रंगाचं कडं होतं, पण गेल्या आठवड्यापेक्षा फिकट. की मला तसं वाटायला हवं आहे?

थेंब चारही. अंगणातून घरात शिरलो की काही दिसत नाही, शांताच्या खांद्याला धरतो. पन्नाशीही झाली नाही अजून.

उद्या.

७ डिसें., रवि.

हॉल भरलेला. स्टेजवर चार खुर्च्या. मी, साहेब, काळे मॅडम, शाळेच्या मोठ्या बाई. शांता पहिल्या रांगेत. मॅडम माझ्याबद्दल बोलल्या, सव्वीस वर्षं, अंधारातला माणूस, असं काहीतरी. मग शाल उघडून त्या माझ्याकडे वळल्या आणि मी उठून माइकपाशी गेलो. माइक कुठे आहे ते नीट दिसलं नाही, हाताला लागला.

काय बोलायचं ते शांतासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. ते एकही वाक्य आठवलं नाही. एवढंच निघालं:

"आग मी विझवली हे खरं आहे. लागली बी माझ्याच हातानं. मले डोयानं दिसून नाई राह्यलं. महिना झाला, अन् मी कोणाले सांगितलं नाई. दारं विमलबाईनं उघडी ठेवली होती."

मला वाटत होतं ओरडतील. मग मधल्या रांगेतून एक माणूस उठला. चेहरा दिसला नाही, पांढरा सदरा होता. तो म्हणाला, "माझी पोरगी होती त्या दिवशी." पुढे काही विचारेल म्हणून थांबलो. तो तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

त्याला नमस्कार केला आणि उतरलो. मॅडम शाल हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. पायऱ्या पायानं शोधत उतरलो, सगळ्यांसमोर. शांतानं हात दिला.

हॉलचे दिवे विझले. दिवाकरनं सिनेमा सुरू केला, जुना, नदीकाठच्या शाळेचा. खाली बसून सिनेमा मी कधी पाहिला, आठवत नाही. थेंबांमुळे पडदा अंधुक, मधला भाग तेवढा. शांता हळूच सांगत होती, आता नाव आली, आता मास्तर उतरले. मला गोष्ट माहीत आहे, पण तिला सांगू दिली. तिसऱ्या रिळानंतर पाठीचा घाम वाळला.

बाहेर पडताना येरणे साहेब दाराशी होते. रागात की कशात, तोंड दिसत नव्हतं. एवढंच म्हणाले, मालक चंद्रपुरात आहेत, उद्या अकराला माझ्या खोलीत या, दोघंही असू. राहत्या खोलीबद्दल, नोकरीबद्दल, पोलिसात द्यायचं की नाही त्याबद्दल, काहीच नाही बोलले. विमलबाईंनाही बोलावलं आहे. त्यांना का? दारं उघडी ठेवली म्हणून? माझ्यापायी त्यांची खिडकी गेली तर.

शांता म्हणते, मी बी येतो संगं. नको म्हटलं नाही.

नऊचे थेंब घालून निघायचं.